आज कुठल्या पेनाचा वार?

पुण्यात आठवड्याचे सातही वार जमिनीवर मांडून ठेवलेले आहेत. सोमवार पेठेतून सकाळी निघालं आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं नाही, तर जेवणवेळेच्या आत माणूस रविवार पेठेत पोचतो. साताऱ्यातही अशा वारांच्या पेठा आहेत, पण सातारकर त्याचं कौतुक सांगत बसत नाहीत. पुणेकरांना तर त्याचं नवलही वाटत नाही. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, यात काही चुकतंय असं आजवर एकाही पुणेकराच्या मनात आलेलं मी ऐकलेलं नाही.

माझ्या मनात आलं, कारण मी रेखाटनं करतो. काखेत वही, हातात घडीचं स्टूल, आणि रस्त्याच्या कडेला बसून समोर दिसेल ते शाईने काढणं. अशा माणसांची एक जमात अलीकडे गावोगाव वाढली आहे. सिएटलमधल्या गाब्रिएल कांपानारिओ या पत्रकार-चित्रकाराने २००७ साली ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं आणि हे लोण जगभर गेलं. त्यांचा आठ कलमी जाहीरनामा आहे. त्यातलं एक कलम सांगतं, की जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. हे कलम लिहिणाऱ्याने आपल्या चौकातले फ्लेक्स पाहिलेले नसावेत. पण तो विषय शुक्रवारचा आहे.

तर या जमातीतल्या माणसाला सात वार आणि सात पेठा शेजारी शेजारी दिसल्यावर जे सुचायचं तेच मला सुचलं. ज्या वाराची पेठ, त्या वारी तिचं चित्र. वेळापत्रक आखण्यात जे सुख असतं ते पाळण्यात नसतं, म्हणून मी ते पट्टी लावून दोन रंगांत आखलं आणि फ्रीजवर चिकटवलं. बायकोने दूध आत ठेवता ठेवता वाचलं.

‘आणि सदाशिव पेठ?’

सदाशिव, नारायण, कसबा, नाना, रास्ता यांना वार नाही.

‘त्या अधिक महिन्यात,’ मी म्हणालो.

‘बरं. आणि भाजी कुठल्या वारी आणणार ते लिहायला जागा ठेवलीय का?’

भाजीला जागा नव्हती आणि पेनालाही नव्हती. भाजीने समजून घेतलं. पेनांनी ते मनावर घेतलं.

चित्र न काढणाऱ्यांना वाटतं चित्र हाताने काढतात. काढायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना वाटतं ते डोळ्याने काढतात. या भानगडीत बरीच वर्षं घालवलेल्या माणसाला मात्र पक्कं ठाऊक असतं, की चित्र पेन काढतं. कुठलं पेन खिशात यायचं हे वार ठरवतो. आणि आपल्याकडे फक्त स्टूल उचलण्याचं काम असतं. हे मी म्हणालो की लोक लगेच वाकड्या अंगणाची म्हण काढतात. पण या अंगणात मोठमोठी माणसं घसरलेली आहेत. व्हॅन गॉग १८८८ साली फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी राहायला गेला. तिथल्या बोरूच्या लेखण्या तासून त्याने शेतांची, बागांची जी रेखाटनं केली ती आज संग्रहालयांत मंद उजेडात जपून ठेवलेली असतात. त्याने पत्रातून कळवलं होतं, की हा प्रकार आपण हॉलंडमध्येही करून पाहिला होता, पण तिथले बोरू काही इथल्याइतके चांगले नव्हते. म्हणजे व्हॅन गॉगचंही अंगण हॉलंडात असेपर्यंत वाकडंच होतं. शिवाय त्याच्या ज्या तपकिरी रेघांवर आपण हळवे होतो, त्यांतल्या बऱ्याचशा काढल्या तेव्हा काळ्या होत्या. शाई विटली आणि तपकिरी झाली. त्याची विटली तर जग पुस्तकं लिहितं. माझी विटली तर दुकानदार विचारतो, ‘उन्हात ठेवली होतीत का?’

सोमवारी माझ्या खिशात बॉलपेन असतं. त्याला कारण कचेरीतली आढावा बैठक. टेबलावर प्रत्येकासमोर एक पाण्याची बाटली, एक कार्यक्रमपत्रिका आणि एक बॉलपेन मांडलेलं असतं. पाणी पिऊन होतं, पत्रिका वाचून होते, उरतं पेन. लास्लो बिरो नावाच्या हंगेरियन पत्रकाराने पाहिलं, की छापखान्यातली शाई चटकन वाळते. तशी घट्ट शाई पेनात घालता आली तर बोटं काळी होणार नाहीत. ती निबेतून वाहीना, म्हणून त्याने टोकाला फिरती गोळी बसवली आणि १९३८ साली पेटंट घेतलं. त्याच्या डोक्यात पत्रकारांची सोय होती. झाली ती बैठकीतल्या चित्रकारांची. या चिकट शाईचा गुण असा, की हात हलका ठेवला तर रेघ करडी येते आणि दाबला तर काळी. साहेबांच्या गालाची गोलाई, हनुवटीखालची दुसरी हनुवटी आणि दोहोंमधली सावली हे काम बॉलपेनाइतकं गुळगुळीत दुसरं कुठलंच पेन करत नाही. बैठक लांबेल तशी छाया गडद होत जाते. वार्षिक अंदाजपत्रकाच्या बैठकीतले साहेब जवळजवळ संपूर्ण काळे आले आहेत. मध्येच कुणी प्रश्न विचारला की पेन थबकतं, टोकाशी शाईचा गोळा जमतो आणि पुन्हा सुरू करताच तो टेकतो नेमका नाकावर. माझ्या वह्या उद्या कुणाला सापडल्या, तर आमच्या खात्यात भरतीसाठी नाकावर तीळ असण्याची अट होती असा निष्कर्ष निघेल.

संध्याकाळी तेच पेन घेऊन सोमवार पेठेत जायचं. तिथे त्रिशुंड गणपतीचं अठराव्या शतकातलं देऊळ आहे. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर मोकळी म्हणून जागा नाही. द्वारपाल आहेत, हत्ती आहेत, आणि एका गेंड्याला साखळदंडाने जखडणारे गोरे शिपाईसुद्धा आहेत. आत मोरावर बसलेला गणपती. त्याला सोंडा तीन.

आता, शाईने काढणाऱ्यांची एक रीत आहे. खोडरबर चालत नाही, त्यामुळे पहिली रेघ मनासारखी आली नाही तर शेजारी दुसरी ओढायची, तीही फसली तर तिसरी. पाहणारा आपोआप बरोबर रेघ निवडून घेतो. एरवी ही रीत फार उपयोगाची. देवळातून बाहेर येऊन पायरीवर बसून मी आठवणीने गणपती काढला, तेव्हा दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी खांद्यावरून बराच वेळ निरखून पाहिलं आणि हळूच सांगितलं, ‘तिसरी सोंड बरोबर आलीय. आधीच्या दोन खोडून टाका.’

रस्त्यात आपल्याभोवती कोण जमणार हेही पेन ठरवतं. बॉलपेन आणि वही घेऊन जुन्या वाड्यासमोर उभं राहा. दोन खांब होईपर्यंत वरची खिडकी उघडते.

‘महापालिकेकडून का?’

‘नाही हो, चित्र काढतोय.’

‘कशासाठी?’

‘असंच.’

‘असंच’ या उत्तरावर पुण्यात कुणी विश्वास ठेवत नाही. ‘बिल्डरने पाठवलं असेल तर त्याला सांगा, आमच्या सह्या झालेल्या नाहीत.’ तोवर तळमजल्याचे भाडेकरू बाहेर आलेले असतात. त्यांची बाजू अर्थातच वेगळी असते. ते खालच्या आवाजात पानशेतच्या पुरापासून सुरुवात करतात. निघताना माझ्या वहीत वाड्याचं अर्धं चित्र असतं आणि डोक्यात वाड्याचा संपूर्ण दावा.

हातात पेन्सिल असेल तर यातलं काही होत नाही. बायका कौतुकाने थांबतात आणि विचारतात, ‘इंटरमिजिएट द्यायची राहिलीय का?’ ब्रशपेन असेल तर मुलं जमतात, कारण टोक मऊ आहे आणि ते मेंदीचं असणार अशी त्यांची खात्री असते. शाईचं पेन असेल तर सत्तरीपुढचे आजोबा थांबतात. ते चित्राकडे ढुंकूनही बघत नाहीत. ‘निब कुठली?’ इथून जे सुरू होतं ते टाक, दौत, टीपकागद, मारकुटे मास्तर असं करत शाईच्या पुड्यांपाशी येतं. दांडेकर बंधूंनी १९३१ साली गिरगावात सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन म्हणून घरोघर पोचलेल्या उद्योगाची सुरुवात शाईच्या पुड्या-वड्यांनी झाली होती, त्यावर घोड्याचं चित्र असायचं, हे मला अशाच एका आजोबांनी ओंकारेश्वराच्या पायरीवर सांगितलं. घोडा कसा होता हे दाखवायला त्यांनी माझं पेन घेतलं. तो घोडा माझ्या त्या वहीतलं सर्वांत चांगलं चित्र आहे.

मंगळवारचं लवकर आटपतो. मंगळवार पेठेत बाजार बुधवारी, आणि बुधवारी वेळापत्रकाप्रमाणे मी बुधवार पेठेत. त्यामुळे मंगळवारच्या चित्रात बाजार नसलेला रस्ता आहे आणि एक झोपलेलं कुत्रं आहे. कुत्रं बरं आलंय.

बुधवार हा आठवड्यातला सर्वांत खर्चिक वार, कारण बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौक आहे. बसायला सावली शोधता शोधता माणूस पेनांच्या दुकानात शिरतो आणि शटर अर्ध्यावर येईपर्यंत बाहेर पडत नाही. पेन चालवून बघायला काउंटरवर कागदांचा एक गठ्ठा ठेवलेला असतो. तो मला कलादालनातल्या कुठल्याही प्रदर्शनापेक्षा आवडतो. नवं पेन हातात आलं की वडीलधारी माणसं ‘श्री’ लिहितात. विद्यार्थी स्वतःचं नाव लिहितात. बँकेतली माणसं सही करतात, पण अर्धीच; कागद कुणी उचलून नेला तर? लहान मुलं भोवरे काढतात. आणि रेखाटन करणारा नाक काढतो. ते नेहमी डावीकडे तोंड करून असतं, कारण उजव्या हाताला तेच सोपं पडतं. एकदा त्या गठ्ठ्यावर एकाखाली एक अशी अनोळखी नाकंच नाकं पाहिली आणि या शहरात आपण एकटे नाही, याचा फार धीर आला.

इथे मिळणाऱ्या पेनांच्या कुंडल्या मजेच्या असतात. लॅमी या जर्मन कंपनीने १९८० साली ‘सफारी’ हे शाईचं पेन काढलं ते शाळकरी पोरांसाठी. दहा ते पंधरा वयाच्या मुलांची बोटं नीट बसावीत म्हणून पकडीच्या जागी सपाट खाचा ठेवल्या. पुण्यात ते ज्यांच्या खिशाला दिसतं त्यांतल्या बहुतेकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतलेली असते. खाचांमुळे त्यांचीही बोटं नीट बसतात. दुसरं एक पेन आहे, त्याची निब टोकाशी वर वळवलेली असते. उभं धरलं तर बारीक रेघ येते, आडवं केलं तर जाड. आम्ही शाळेत होतो तेव्हा पेन जमिनीवर पडून निब अशी वळली की घरी मार मिळायचा. आता तीच वाकडी निब जास्त पैसे देऊन मागवायची आणि ती सरळ निघाली तर परत पाठवायची.

शाईचं पेन घेतलं की शाईचा घोळ सुरू होतो. साधी शाई पाण्यात विरघळते. वरून जलरंगाचा हात फिरवला की वाड्याचे खांब आकाशात निघून जातात. म्हणून न पुसली जाणारी शाई हवी. पण ड्रॉइंगची जी जुनी काळीभोर शाई असते तिच्यात लाख असते. ती कागदावर छान वाळते आणि शाईच्या पेनात भरली तर पेनातच वाळते. मग ते पेन गरम पाण्यात बुडवा, रात्रभर ठेवा, फुंका; निब बोलत नाही. आमच्या गटात अशा पेनांचा एक डबा आहे. नवीन सभासदाला तो आधी दाखवतात. सगळे गंभीर होऊन बघतात आणि पुढच्या महिन्यात त्यात एक पेन वाढतं.

गुरुवारी पाणी नसतं. महापालिकेचं दुरुस्तीचं काम निघतं ते बहुधा गुरुवारी, त्यामुळे गुरुवारी मी घरातच बसून भरलेल्या बादल्या, पिंपं, पातेली, कळशा आणि शेवटी चहाचे कप काढतो. कलाशाळेत स्थिरचित्र मांडायला मास्तर लागतो. आमच्या स्वयंपाकघरात ते बुधवारी रात्रीच मांडून तयार असतं. पेन कुठलंही चालतं, फक्त धुवावं लागेल असं नको. गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. तिथे जायचं अजून राहिलंय. वेताळ समजून घेईल.

पेनांचा खरा कस लागतो शुक्रवारी, कारण शुक्रवार पेठेत मंडई आहे. ही इमारत १८८६ साली उघडली तेव्हा तिला लॉर्ड रे या गव्हर्नरांचं नाव होतं. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिराव फुल्यांनी जिच्यावरच्या खर्चाला विरोध केला, तिचंच नाव पुढे महात्मा फुले मंडई झालं. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या चहूअंगांनी निघालेले पाखे. काढणाऱ्याचा घाम काढणारी वास्तू.

शुक्रवारी माझ्याकडे बारीक टोकाची जपानी पेनं असतात. सकुरा कंपनीने १९८२ साली न विटणारी, पाण्याने न पसरणारी रंगकणांची शाई काढली आणि ती या पेनांत आली. त्यांच्यावरचे आकडे हे एक वेगळंच शास्त्र आहे. ०१ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. ०५ म्हणजे अर्धा मिलिमीटर असेल असं वाटतं, तर ते ०.४५ असतं, अर्ध्यासाठी ०८ घ्यावं लागतं. आणि ००५ म्हणजे ०.२०. हे पाठ होईपर्यंत पेन संपतं.

०.२० घेऊन मंडईसमोर बसलं की मनोरा दिसतच नाही. मनोऱ्याच्या आधी तारा दिसतात. तारांच्या आधी फ्लेक्स दिसतो. फ्लेक्सवर भावी नगरसेवक, त्यांच्या मनगटावर घड्याळ, आणि घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली दिसतात. जाहीरनाम्याप्रमाणे प्रामाणिक राहायचं तर हे सगळं काढलं पाहिजे. खाली शुभेच्छुकांच्या रांगा. चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि प्रत्येकाला गॉगल. ०.२० ने पोस्टाच्या तिकिटावरच्या माणसालाही गॉगल घालता येतो, हीच पंचाईत आहे. ऊन डोक्यावर येतं तरी मी दुसऱ्या रांगेतल्या युवा नेत्याच्या दाढीत असतो. तेच ब्रशपेन काढा. एका फटकाऱ्यात शुभेच्छुक गेले, भावी नगरसेवकांचा ठिपका झाला, तारा अंगाला न लागता निघून गेल्या आणि मागे मनोरा उभा. प्रामाणिकपणा हा स्वभाव असतो अशी आपली समजूत आहे. माझ्या अनुभवात तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

एका शुक्रवारी मनोरा बरा जमत आला होता. हातात पालेभाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा मागे येऊन उभे राहिले.

‘तीन बाजू काढल्यात.’

‘हो.’

‘आठ आहेत.’

‘इथून तीनच दिसतात, आजोबा.’

‘तुम्हाला दिसत नसतील. आहेत आठ. मी चड्डीत होतो तेव्हापासून येतोय इथे.’

‘बाकीच्या पाच मागच्या बाजूला आहेत.’

त्यांनी शांतपणे माझ्या वहीचं पान उलटून मागे पाहिलं.

पावसाळ्यात हे वेळापत्रक आपोआप रद्द होतं. आषाढ लागला की सातही वार सारखेच ओले. कागद हवेतलं पाणी पिऊन बसतो. शाईच्या पेनाची रेघ टेकताक्षणी तिला दोन्हीकडून केस फुटतात, आणि मिशा नसलेल्या माणसाला मिशा येतात. जलरंग लावला तर तो सकाळपासून दुपारपर्यंत ओलाच. मे महिन्यात याच्या बरोबर उलट. वाक्य बोलायला मान वर केली तरी तेवढ्यात निब कोरडी पडते, म्हणून मे महिन्यात आम्ही कुणाशी बोलत नाही. पावसात इमानाने चालतं ते तेलकट शाईचं बॉलपेन. आणि ब्रशपेनाला मात्र पावसाळ्यात एकच हक्काचा नमुना मिळतो, समोरच्या गॅलरीच्या कठड्यावर भिजलेला कावळा. काळा, स्थिर, वैतागलेला आणि दोन फटकाऱ्यांत संपणारा. आर. के. लक्ष्मण यांचा कावळ्यांवर फार जीव होता. त्यांना लहानपणापासून कावळे काढायचा नाद होता आणि पुढे त्यांनी कावळ्यांची कितीतरी चित्रं केली. त्याच लक्ष्मणना तरुणपणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. मी भिजलेला कावळा काढतो तेव्हा ही गोष्ट फार आठवते. माझ्या कावळ्यावरून मात्र जे. जे.चं काही फारसं चुकलं असेल असं वाटत नाही.

शनिवारी सगळा गट शनिवारवाड्यावर जमतो. वाड्याची पायाभरणी १७३० साली शनिवारीच झाली आणि १७३२ सालची वास्तुशांतही शनिवारीच, तेव्हा वेळापत्रकाला इतिहासाचा पाठिंबा असलेला हा एकमेव वार. सुटी असल्यामुळे प्रत्येक जण घरातली सगळी पेनं घेऊन येतो. चित्राला सुरुवात होण्याआधी कुठलं घ्यावं यात पाऊण तास जातो. सोमवारच्या बैठकीत जे चित्र होऊन जातं ते शनिवारी का होत नाही, याचं कारण या पाऊण तासात आहे. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. बारीक पेनवाले हत्तीच्याही आधी तिथे अडकतात. एक एक खिळा, त्याची एक एक सावली. जाड पेनवाले दरवाजा काळा करून टाकतात आणि भेळ खायला जातात.

शेवटी सगळ्या वह्या हिरवळीवर ओळीने मांडायच्या अशी पद्धत आहे. एकच दरवाजा, पण कुणाचा गढीचा, कुणाचा गॅरेजचा. सगळे वाकून बघतात, माना डोलावतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, ‘पेन कुठलं?’ चित्राबद्दल कुणी काही विचारत नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांकडे तेच पेन असतं, आणि ज्याच्यामुळे घेतलं तो दुसऱ्यावर गेलेला असतो.

मध्यंतरी आमच्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या वहीपुढे गर्दी झाली. एरवी त्यांचं चित्र धनादेशावरच्या सहीपेक्षा मोठं नसतं. या वेळी बुरूज असा उतरला होता की बघत राहावं. दगड जड दिसत होते, खालची हातगाडी हलकी दिसत होती, आणि खिळे न काढताही जाणवत होते. प्रश्न ठरलेलाच होता. त्यांनी संकोचत खिशातून एक निळं बॉलपेन काढलं. त्यावर एका किराणा दुकानाचं नाव छापलेलं. पेन हातोहात फिरलं. प्रत्येकाने आपापल्या वहीत एक नाक काढलं. सगळी नाकं उत्तम आली.

‘कितीला मिळालं?’

‘विकत नाही मिळत. रविवार पेठेत तेलाचा पंधरा किलोचा डबा घेतला की फुकट देतात.’

क्षणभर सगळे आपापल्या घरातल्या माणसांचा हिशेब करत होते. मग कुणीतरी म्हणालं, ‘रविवार पेठ इथून कितीशी लांब आहे? आत्ताच जाऊ.’ गाड्यांच्या किल्ल्याही निघाल्या. पण बँकवाल्यांनी हात आडवा केला. ‘आज शनिवार. शनिवारी तेल विकत घेत नाहीत.’ गटात दोन अभियंते आहेत, एक प्राध्यापक आहेत, आणि सगळे स्वतःला विवेकवादी म्हणवतात. एकही जण गेला नाही.

रविवारी सकाळी आम्ही सगळे दुकानासमोर होतो. वेळापत्रकाप्रमाणे रविवार पेठ रविवारी गाठली गेल्याचा आनंद फक्त मलाच झाला. दुकानदाराने एवढ्या माणसांना एकदम डबे मागताना पाहून आधी विचारलं, ‘कार्य आहे का?’ आम्ही पेनाचं सांगितलं.

‘पेनं संपली. आता डब्यावर किसणी आहे.’

‘एखादं शिल्लक असेल बघा ना,’ प्राध्यापक म्हणाले. ते आपल्या विद्यार्थ्यांशी इतक्या नम्रपणे बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

दुकानदाराने आमच्या काखेतल्या वह्या पाहिल्या, प्रत्येकाच्या खिशाला लावलेली चार-चार पेनं पाहिली, आणि वहीवर हिशेब लिहिण्यासाठी कानावर खोचलेलं तेच निळं पेन काढून पुन्हा नीट खोचलं. ‘दिवाळीला येतील,’ तो म्हणाला. ‘लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देतो मी. पण डबा त्याच दिवशी उचलायचा, आणि पेन एका डब्यावर एकच.’

अभियंत्यांपैकी एकाने तिथेच मोबाइल काढून लक्ष्मीपूजन कुठल्या वारी येतंय ते पाहिलं. शनिवार होता.